धुतलेले वस्त्र आणि धुणारे हात

(आपल्या विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत एका रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही भाग वाढवून लिहून दिला आहे.)





 मी काही पंडित नाही. शाळा नववीपर्यंत झाली. बाकीचं जे शिकलो ते मिलच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्या.

अध्यक्षांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "धुणं." ते हसले. म्हणाले, "अहो, धम्मावर बोला." मी म्हटलं, धम्मावरच बोलणार आहे. आज पाऊस धो धो कोसळतोय. इथे बसलेल्या प्रत्येक माऊलीच्या डोक्यात आत्ता एकच विचार असणार, की घरी दोरीवर टाकलेलं वाळलं असेल का. आपण पुरुष मंडळी मात्र निवांत बसलो आहोत. आपल्याला तो विचार शिवतसुद्धा नाही. माझं भाषण यावरच आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करतो. आमचं गाव महाड तालुक्यात. गावच्या नदीला दोन पाणवठे होते. वरच्या अंगाला गावाचा, खालच्या अंगाला आमचा. वर गावानं कपडे धुवायचे, गुरं धुवायची, आणि तेच पाणी वाहत खाली आमच्या वाट्याला यायचं. गावात परीट होता, पण तो आमच्या वस्तीतल्या कपड्याला हात लावत नसे. आणि धुवायला कपडे तरी कुठं होते? आजी सांगायची, एक लुगडं अंगावर आणि एक दांडीवर. अंगावरचं धुवायचं तर दांडीवरचं वाळल्याशिवाय सोय नाही. मढ्यावरचं कापड आपल्या लोकांना मिळायचं. तो आपला हक्क आहे असं आपल्याला शिकवलेलं. जुनी माणसं त्यावर भांडायची सुद्धा.

हे काही आपोआप झालं नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत असं लिहून ठेवलेलं आहे. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या पुस्तकात इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ सालच्या वर्तमानपत्रातली बातमी आहे ती. तिथल्या सवर्णांनी बलायांना हुकूम सोडला, की रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. दुसऱ्यानं काय नेसलंय यात माणसाला इतका रस का? कारण कापडावरून माणूस ओळखता आला पाहिजे. मळका दिसला की लगेच कळलं पाहिजे, हा कोण.

म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब आपल्या बायाबापड्यांशी वेगळं बोलले. विचार करा, त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेलं, त्यावर मारहाण झालेली, कोर्टकचेरी सुरू झालेली. एवढ्या गडबडीत तो महापुरुष बायकांना काय सांगतो? लुगडं नेसण्याची जुनी पद्धत सोडा. त्या जाडजूड कथलाच्या गोटपाटल्या काढून टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. मुलींना शिकवा. आणि बायांनी ते ऐकलं. जाताना त्या लुगडं नव्या पद्धतीनं नेसून गेल्या.

आजीकडे तेव्हा साबण नव्हता. ती चुलीतली राख चाळून फडक्यात बांधायची, त्यावरून पाणी ओतायची आणि ते बुळबुळीत पाणी धरून ठेवायची. रात्रभर त्यात लुगडं भिजवायचं आणि सकाळी दगडावर आपटायचं. पुढे मिलमध्ये गेल्यावर मला कळलं, की राखेत खार असतो, तो तेलकट मळ सोडवतो. मिलमध्ये तेच काम कॉस्टिक सोडा करतो. आजीला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण काम शास्त्राचंच होतं. पावसाळ्यात चुलीच्या वर आडवी दांडी असायची, तिच्यावर कपडे वाळायचे. धुराचा वास यायचा. तान्ह्या पोराची लंगोटी-दुपटी असतील तर शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवायची. त्या धुराच्या वासाचं पण धुतलेलं लुगडं नेसून आजी बाजाराला जायची. बाजारात कोणी तरी टोमणा मारायचंच, "आज काय लग्नाला निघाली काय?" आजी म्हणायची, टोमणा ऐकला की समजायचं, कापड पांढरं निघालं.

पुढे मी मुंबईला आलो. वडील मिलमध्ये साचेखात्यात. आम्ही बी.डी.डी. चाळीत राहायचो. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. पाणी पहाटे यायचं. आई अंधारात उठायची. साबणाची लांब वडी दोऱ्यानं कापून तुकडे करायची. एका तुकड्यात आठवडा. धुण्याचा क्रम ठरलेला असायचा. आधी पांढरे, मग रंगीत, मग वडिलांचे तेलाचे आणि तुसाचे मिलचे कपडे, शेवटी फडकी. एकाच फेसाच्या पाण्यात सगळे. ते पाणीसुद्धा फुकट घालवायचं नाही, त्यानं मोरी धुवायची. पांढऱ्या कपड्यांना नीळ. नीळ पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवायची, नाहीतर डाग पडतात. पांढरं कापड जुनं झालं की पिवळं पडतं. निळीची छटा त्या पिवळेपणाला मारते, म्हणून ते डोळ्याला पांढरं दिसतं. भाताच्या पेजेची खळ द्यायची. इस्त्री कुठली? तांब्यात निखारे घालून सदरा दाबायचा, किंवा घडी करून रात्री गादीखाली ठेवायचा.

चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, सहा डिसेंबर. या तीन दिवसांच्या आधी चाळीची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी व्हायची. दोऱ्यांवरून बायकांची भांडणं व्हायची, तेही खरं. कोणाची दोरी कुठवर, यावर आवाज चढायचे. पण पावसाची सर आली की जी घरी असेल ती सगळ्या मजल्याचे कपडे काढायची. मग संध्याकाळी प्रत्येकीच्या दारात ढीग घेऊन फिरायचं, "ही चड्डी कोणाची गं? हा टॉवेल कोणाचा?" कोणी काही हरवलं म्हणून मला आठवत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. वडील त्यातले एक. काही महिन्यांत घरातली भांडी मोडीत गेली. आईनं लांबच्या एका सोसायटीत तीन घरचं धुणंभांडी धरलं. जी बाई आपल्या घरचं कापड पांढरं निघावं म्हणून पहाटे उठायची, ती आता दुसऱ्यांच्या चादरी धुवू लागली. कामाला लाज नाही, मी लाज वाटली म्हणून सांगत नाही. सांगायचं ते असं, की त्यातल्या एका घरी आईचा चहाचा कप वेगळा होता. मोरीच्या कट्ट्यावर पालथा घालून ठेवलेला. त्यांच्या अंगाला लागणारं कापड माझ्या आईच्या हातून स्वच्छ व्हायचं, ते त्यांना चालायचं. तिच्या ओठाला लागलेला कप चालायचा नाही. आईनं हे आम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी चिडलो. ती म्हणाली, "म्हणून तर मी तिथं चहा कधी घेतला नाय."

१९८९ साली मी बदली म्हणून मिलमध्ये लागलो. मला रंगखात्यात टाकलं. पुढे ते खातं बंद झालं, मग सूतखात्यात गेलो, आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा आमची मिल थांबली ती थांबलीच. पण रंगखात्यात मी एक गोष्ट शिकलो. साच्यावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते, मेण असतं, तेलाचे डाग असतात. ते तसंच रंगात घातलं तर रंग धरत नाही, कुठे गडद, कुठे फिका, ठिपके ठिपके. म्हणून आधी खळ काढायची, मग सोड्यात तासन्‌तास उकळायचं, ब्लीच करायचं, धुवायचं, आणि मगच रंगाला न्यायचं. आमचा मुकादम म्हणायचा, "रंग मागाहून. आधी धुलाई."

काही वर्षांनी याच विहारात मज्झिम निकायातलं वत्थूपम सुत्त वाचनात आलं आणि मी चकित झालो. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंत भिक्खूंना तेच सांगतात. मळकं कापड रंगाऱ्यानं निळ्या, पिवळ्या, तांबड्या कुठल्याही रंगात बुडवलं, तरी रंग वाईटच बसणार, कारण कापडच अशुद्ध. स्वच्छ कापडावर रंग चांगला बसणार. चित्ताचंही तसंच. मग लोभ, क्रोध, मत्सर, कपट, गर्व असे चित्ताचे सोळा मळ तिथे मोजून सांगितले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचा उपदेश आणि आमच्या मुकादमाचं बोलणं एकच.

ही उपमा मी भाषणांत पुष्कळ वापरली. चाळीत, युनियनमध्ये, जयंतीच्या मंचावर. समतेचा रंग मळक्या मनावर बसत नाही, असं म्हणायचो. लोक टाळ्या वाजवायचे. अंगात पांढराशुभ्र सदरा असायचा. तो कोणी धुतला, हे मात्र मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आता मी माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच आज उभा आहे.

विहारात रविवारी सकाळी पालीचा आणि धम्माचा वर्ग सुरू झाला तेव्हा आमच्या घरच्यांनी नाव घातलं. तीन रविवार आल्या. चौथ्या रविवारी आल्या नाहीत. शिकवणाऱ्या गुरुजींनी मला विचारलं. मी घरी येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "अवो, रविवारचं धुणं कोण करनार? तुमचे सहा दिवसांचे मिलचे, पोरांचे शाळेचे, गोधड्या." मी म्हटलं, "मग नंतर जा." आणि माझ्या बैठकीला निघून गेलो. त्या दिवशी बैठकीचा विषय होता बाबासाहेबांचे स्त्रियांवरील उपकार.

त्यानंतर २००४ च्या पावसाळ्यात मोरीच्या शेवाळलेल्या लादीवर त्यांचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पोरगी सातवीत, पोरगा लहान. तेव्हा पहिल्यांदा बादली माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी त्यांचं नवं किरमिजी लुगडं पांढऱ्या कपड्यांत भिजवलं. पोरांचे शाळेचे सदरे गुलाबी झाले. ते लपवायला नीळ घातली, पुरचुंडी न बांधता. मग गुलाबीवर निळे ठिपके. रंगखात्यात वर्षं काढलेला माणूस! चाळ हसली. हसू द्या, हसण्यासारखंच होतं.

पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मी धुणं रात्री करू लागलो. दिवे मालवले, गॅलरी रिकामी झाली, की हळूच जाऊन दोरीवर टाकायचो. कोणी पुरुष मला लुगडं पिळताना बघू नये म्हणून. एका रात्री पोरगी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "पपा, अंधारात का वाळत घालता? आई तर दिवसा घालते."

मंडळी, मी मोर्चात लाठ्या खाल्ल्या आहेत. मिलच्या फाटकावर भाषणं केली आहेत. त्या पोरीला मला उत्तर देता आलं नाही. ज्या कामाची मला चोरी वाटत होती, ते काम तिची आई रोज उघड करत होती. म्हणजे ते काम मी हलकं मानत होतो. आणि काम हलकं मानलं की करणारं माणूस हलकं मानलं जातं. मोरीच्या कट्ट्यावरचा तो कप मला आठवला.

मग मी सकाळी धुवायला लागलो. सहा आठवडे धुतलं. मग प्लास्टर निघालं, आणि खरं सांगतो, मी बादली परत त्यांच्याकडे सरकवली. मनगट नीट पिळत नव्हतं तरी सरकवली. सवय इतकी चिवट असते. तेलाच्या डागापेक्षा चिवट.

त्यानंतर वर्षभरानं इथल्या कपाटात विनयपिटकाचं पुस्तक हाती लागलं. चीवराचे नियम वाचत होतो. त्यात एक नियम सापडला. भिक्खूनं नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून आपलं वापरलेलं चीवर धुवून घेतलं, रंगवून घेतलं किंवा आपटून घेतलं, तर ते चीवर त्याला टाकून द्यावं लागतं आणि दोष कबूल करावा लागतो. पुढे लोकरीबद्दलही तसाच नियम आहे, आणि त्यामागची हकीकत दिली आहे. काही भिक्खू भिक्खुणींकडून लोकर धुवून, रंगवून, पिंजून घेत होते. महाप्रजापती गौतमी भगवंतांकडे आल्या. या कामामुळे भिक्खुणींचं पठण बुडतंय, शील, समाधी, प्रज्ञा यांचा अभ्यास बुडतोय, हे भगवंतांना कळलं. त्यांनी भिक्खूंना बोलावून विचारलं आणि नियम घालून दिला.

मी पुस्तक मिटून बसलो. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी धरलेली चूक माझ्या घरात दर रविवारी चालू होती. धुण्यामुळे माझ्या घरातला पालीचा वर्ग बुडाला होता. कोणी म्हणेल, नियम भिक्खूंचा आहे, आणि बायको तर नात्यातली. बरोबर आहे. पण मर्म काय ते घ्या. तुझ्या कपड्यासाठी दुसऱ्याचं शिकणं बुडवू नकोस, हे ते मर्म आहे. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त आहेच. त्यात पतीचं पहिलं कर्तव्य सांगितलं आहे पत्नीचा सन्मान. सन्मान म्हणजे वर्षातून एकदा शाल-श्रीफळ नव्हे.

आणि भगवंत स्वतः? उरुवेलेला त्यांना एक टाकून दिलेलं चिंधीचं वस्त्र मिळालं. तेव्हा ते कुठे धुवावं, कशावर चोळावं, कुठे वाळत घालावं, याचा विचार त्यांनी केला असं महावग्गात आलं आहे. आपल्या आजीच्या मनात असायचा तोच विचार! पुढे एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसला, तेव्हा भगवंतांनी पाणी ओतलं आणि आनंदानं धुतलं, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. शेवट-शेवट माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या चादरी मी धुतल्या. दिवसा धुतल्या, आणि गॅलरीत उजेडात वाळत घातल्या. आई बघायची. एकदा म्हणाली, "कोपरे ओढून टाक, चुण्या राहतात." माझ्या धुण्याला तिनं दिलेली शाबासकी तेवढीच.

त्या पुस्तकापासून मी माझे कपडे मी धुतो. रविवारच्या गोधड्या मी आणि पोरगा धुतो. आमच्या घरच्यांनी पुन्हा वर्गात नाव घातलं. आता त्या महिला मंडळात परित्राण पाठ सांगतात. समोरच बसल्या आहेत. मी हे सगळं बोलणार म्हणून त्यांना आवडलेलं नाही. घरी गेल्यावर ऐकून घेईन.

आज पुष्कळांकडे मशीन आलंय. काही जण नव्या टॉवरमध्ये गेले. तिथे गॅलरी नाही, खिडकीबाहेर दोरी बांधायला सोसायटी देत नाही, कपडे खोलीतच पंख्याखाली वाळतात. जमाना बदलला. पण मशीनचं बटण कोण दाबतं? ओले कपडे कोण काढतं, वाळत कोण घालतं, घड्या कोण करतं? तिथे बदल झालाय का, हे आपापल्या घरी जाऊन पाहा.

मी नुसता उपदेश करून बसणार नाही. समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. विहारातल्या सतरंज्या, बुद्धमूर्तीपुढची पांढरी चादर, पडदे आणि पंचशील ध्वज आजवर महिला मंडळ धुतं. या वर्षावासाच्या पुढल्या पौर्णिमेपासून ते काम पुरुषांनी पाळी लावून करायचं. पहिल्या पाळीत माझं नाव लिहा.

दुसरी. रविवारचा वर्ग कोणत्या वेळी असावा हे बायकांना विचारून ठरवा.

तिसरी घरातली. बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलानं आपला शाळेचा सदरा आपण धुवायचा. मुलीला ते शिकवावं लागत नाही, आपण न सांगता तिच्यावर टाकतो. मुलाला शिकवा.

वर्षावास संपला की कठिण चीवरदान येईल. तुम्हाला माहीत आहे, कठिणाचं कापड त्याच एका दिवसात कापून, शिवून, रंगवून तयार व्हावं लागतं. एकट्यादुकट्याचं ते काम नाही, भिक्खू मिळून करतात. घराचं कामही तसंच मिळून करायचं आहे.

आपल्या आजीनं राखेच्या पाण्यात लुगडं धुऊन गावाला उत्तर दिलं. आईनं पहाटे उठून आपल्याला पांढऱ्या सदऱ्यात शाळेत पाठवलं. तो सदरा घालून आपण माणसांत आलो. आता निदान तो धुवायला तरी शिकू या.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. पाऊस थोडा उघडलाय. ज्यांची घरं जवळ आहेत त्या पुरुष मंडळींनी जाऊन दोरीवरचं काढून आणावं. बायका बसतील. भन्तेजींचं प्रवचन अजून व्हायचं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!